न सांगता घेतलेला सराव

मांजरखेड नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात वर्षाराणी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाली, त्याला जेमतेम वर्ष होत आलं होतं आणि त्यातले आठ महिने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुरुवात ऑगस्टातल्या एका सकाळी झाली. गावाबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्राला सगळे नुसतं फिल्टरच म्हणत. तिथं ती पाहणीला गेली, तेव्हा क्लोरीनच्या खोलीतून मलप्पा बाहेर येत होता. तोंडाला ओला टॉवेल बांधलेला, डोळे लालभडक. त्यानं टॉवेल सोडून पिळला, खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला आणि म्हणाला, "काय न्हाई म्याडम. वायसर सरकलं होतं जरा. बसवलं."

मलप्पा म्हणजे फिल्टरचा सगळ्यात जुना ऑपरेटर. सव्वीस वर्षं त्यानं गावाला पाणी पाजलं होतं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी असा टॉवेल बांधून गॅस कोंडला होता. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. गुळानं घसा साफ होतो, एवढंच त्याचं शास्त्र होतं. वर्षाराणी मात्र त्या दिवशी घरी आली ती तो वास नाकात घेऊनच. भाड्याच्या खोलीत फरशी पुसायला पाण्यात ब्लीचिंगची चिमूट टाकली तरी ती उठून खिडकी उघडायची. जेवायला बसली की हात आधी फोनकडे जायचा. फिल्टरवर फोन लावायचा, मल्लेशनं उचलला की काहीतरी फुटकळ विचारायचं, पाण्याची पातळी किती, तुरटी किती उरली, आणि ठेवून द्यायचा. मल्लेश मोटारींवर असायचा. म्याडमला आपला भरवसा नाही, असा त्यानं त्याचा अर्थ घेतला होता.

पुढं लातूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या सरांनी क्लोरीनबद्दल जे सांगितलं ते तिला पुस्तकातून माहीत होतंच, पण मलप्पाचे डोळे पाहिल्यावर ते वेगळं ऐकू आलं. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, खाली साचतो, पायऱ्या उतरतो, खोलगट जागी बसून राहतो. जास्त असला तर चार-दोन श्वासांत माणूस संपतो. आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा दुसरा माणूस मरतो, जो पहिल्याला काढायला आत जातो.

परत आल्यावर तिनं मुख्याधिकाऱ्यांना तीन पानी पत्र दिलं. ते वाचून साहेबांनी तिलाच नगरपरिषदेची सुरक्षा अधिकारी नेमलं. आपलं काम सांभाळून हेही. वेगळा माणूस नाही, वेगळी खोली नाही, एक आदेश आणि त्यावर शिक्का.

आदेश घेऊन ती भांडारात गेली. भांडारपाल सिद्रामप्पा हा शांत, नीटनेटका माणूस, कपाळावर ठसठशीत भस्म. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. तिनं विचारलं तेव्हा त्यानं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत पाठीला अडकवायच्या हवेच्या टाक्यांचे दोन संच, मास्कसकट, प्लास्टिकही न काढलेले. चार वर्षांपूर्वी आलेले.

"अप्पा, हे फिल्टरवर पाहिजेत. भिंतीला टांगून."

"टांगले आणि गेले तर?" सिद्रामप्पा म्हणाला. "ऑडिटला मी काय दाखवू? इथं नीट हायेत बघा. धूळसुद्धा बसू दिली न्हाई."

तिनं पत्र दिलं, त्यानं पोच दिली. मागणी वरिष्ठांकडे गेली, वरिष्ठांकडून शेरा होऊन परत भांडारात आली. संच कपाटातच राहिले. तिनं फिल्टरवर एक वही ठेवली, थोडक्यात निभावलं असं काही घडलं तर लिहायला. चार महिन्यांत त्या वहीत कोणी एक ओळ लिहिली नाही. कोणी तरी मागच्या पानावर मुलाचं गणित मात्र सोडवलं होतं.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. बॅनर लागला, छातीवर बिल्ले आले, सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली. तिनं गॅसगळतीच्या भोंग्याचा सराव ठेवला होता. भोंगा वाजला की सगळ्यांनी असेल तिथून निघून आवारातल्या कडुलिंबाखाली जमायचं, असं ठरलेलं. अकराचा सराव, तर पावणेअकरापासूनच सगळे लिंबाखाली येऊन बसले. चौकीदार ग्यानोबानं सतरंजी अंथरली होती. भोंगा वाजला तेव्हा हातात भजी होती. फोटो छान आला, वर्तमानपत्रात छापूनही आला आणि साहेबांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं.

त्या कौतुकानं तिची उरलीसुरली झोप गेली. तिचा नवरा आदिनाथ नांदेडला शाळेत शिक्षक होता. शनिवारी ती नांदेडला गेली की दोन दिवस तिच्या तोंडी हाच विषय. एप्रिलातल्या एका रविवारी तिनं त्याला सांगितलं की आता न सांगता भोंगा वाजवणार. खरं काय होतं ते तेव्हाच कळेल. आदिनाथ म्हणाला, निदान एका माणसाला तरी सांग, जिन्याशी, दाराशी कोणी उभं कर. तिनं ऐकून घेतलं. प्रशिक्षणात दिलेल्या पुस्तिकेतही तेच होतं, अचानक सराव घ्यायचा तर प्रत्येक मोक्याच्या जागी एक निरीक्षक ठेवावा. पण मांजरखेडात एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत बसस्टँडवरही माहीत होतं, असं तिचं म्हणणं. आणि थांबायची तिची तयारी उरली नव्हती, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

मंगळवारी साडेदहाला ती फिल्टरवर पोचली. कामावर पाच जण होते. मलप्पा वर तुरटीच्या टाकीवर, मल्लेश मोटारघरात, ग्यानोबा फाटकावर, झाडलोट करणारी केवळाबाई गाळणीच्या कट्ट्यावर. पाचवी महानंदा, पाण्याचे नमुने तपासणारी. तिची प्रयोगशाळा खालच्या अंगाला, क्लोरीनच्या खोलीला लागून. तिथं जायला बाहेरून आठ पायऱ्यांचा लोखंडी जिना.

वर्षाराणीनं मोबाईलवर वेळ लावली आणि भोंग्याचं बटण दाबलं.

ग्यानोबा आधी फाटकातून बाहेर पळाला, मग काहीतरी आठवून आत लिंबाकडे आला. मल्लेशनं मोटार बंद केली आणि धावत निघाला. केवळाबाई खराटा हातात धरूनच आली. दोन मिनिटं. सव्वादोन. वर्षाराणी आकड्याकडे बघत होती. पुढं कित्येक दिवस तिला हेच आठवत राहिलं, की आपण आकड्याकडे बघत होतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद झाले तेव्हा तिला आतून बरं वाटलं, पहिल्याच वेळेला इतकं चांगलं. महानंदा तर लिंबाखाली आधीपासूनच होती. खाली मोबाईलला रेंज नसते म्हणून वर येऊन बोलत होती, पायात प्रयोगशाळेतल्या रबरी सपाता.

"मलप्पा कुठं राहिले?" मल्लेश म्हणाला.

तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला. लोखंडावर काहीतरी जड आदळत खाली गेल्याचा.

झालं होतं ते असं. मलप्पा टाकीवरून उतरून लिंबाकडेच निघाला होता. जिन्याच्या तोंडाशी त्याला महानंदाच्या चपला दिसल्या, रोज असतात तशा, जोडीनं काढून ठेवलेल्या. त्यानं हाक मारली. खाली पंखा घरघरत होता, उत्तर कुठून येणार? त्यानं नळाखाली टॉवेल भिजवला, तोंडाला बांधला आणि खाली उतरायला लागला. तुरटीचं पाणी सांडून पायऱ्या बुळबुळीत झालेल्या. कठडा एकाच बाजूला, तोही अर्धाच. चौथ्या पायरीवरून त्याचा पाय सुटला.

वर्षाराणी जिन्याशी पोचली तेव्हा तो खाली गटाराच्या सिमेंटच्या काठावर कुशीवर पडला होता. एक पाय नको तसा वळलेला. ओरडत नव्हता. टॉवेल दोन्ही हातांनी नाकावर गच्च दाबून धरला होता, चेहरा काळानिळा पडला होता, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. तिला वाटलं छातीत कळ आली. मग एकदम उमगलं. तो श्वास कोंडून पडला होता. त्याच्या लेखी तिथं सगळीकडे गॅस होता.

ती कशीबशी खाली उतरली, गुडघ्यावर बसली आणि त्याचे हात धरले.

"मामा, गॅस न्हाई," ती म्हणाली. नोकरीत आल्यापासून सांभाळलेली भाषा तिच्या तोंडून गळून गेली. "श्वास घ्या. काय बी न्हाई इथं. सराव हुता."

त्याला कळायला वेळ लागला. टॉवेल सैल झाला आणि छाती भरून हवा आत गेली, तशी दुखण्याची कळही बाहेर आली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "महानंदा निघाली का?"

"वरच हाय ती."

मलप्पानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत मास्तरानं खोटंच सांगून फसवल्यावर पोर बघतं तसं, न समजल्यासारखं. मग त्यानं डोळे मिटले.

रेणापुरावरून लातूरला न्यायला तास-सव्वातास लागला. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली. दवाखान्याच्या व्हरांड्यात वर्षाराणी बसत होती, उठत होती, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन पाणी न पिताच परत येत होती. मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी मलप्पाची चौकशी केली, खर्चाची काळजी करू नका म्हणाले आणि मग अहवालावर आले. कर्मचारी नेहमीचं काम करत असताना जिन्यावरून घसरून पडला, एवढंच लिहा, असं त्यांनी सुचवलं. तेही काही खोटं नव्हतं. भोंग्याचा उल्लेख कशाला? वर्तमानपत्रवाले सुरक्षा अधिकाऱ्यानंच अपघात केला म्हणतील आणि पुढं कोणीच असलं काम अंगावर घेणार नाही.

शेवटचं वाक्य तिला पटलं, हेच वाईट होतं. मल्लेशला पुढच्या वेळी भोंगा ऐकून हसू येईल की भीती वाटेल? सराव म्हणजे हाड मोडण्याचा धंदा, असंच सगळे म्हणतील. तिनं कोऱ्या कागदावर साहेबांचं वाक्य लिहून पाहिलं. सरळ, सोपं, कोणालाही न बोचणारं वाक्य होतं. तिनं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली.

संध्याकाळी मलप्पाची बायको शांतम्मा डबा घेऊन आली. उदगीरकडची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा कामावर घसरला एवढंच तिला कळलं होतं. ती येऊन बाकावर बसली आणि उलट वर्षाराणीलाच धीर द्यायला लागली, की बाई तुम्ही सकाळपासून उपाशी दिसता, दोन घास खा. डब्याचं झाकण तिनं उघडलंसुद्धा.

वर्षाराणीला ते सहन झालं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. भोंगा आपण वाजवला, कोणालाही न सांगता. गॅस नव्हताच. जिन्याशी माणूस उभा करायचा असतो हे आपल्याला माहीत होतं आणि आपण केला नाही. मामा महानंदाला काढायला गेले.

शांतम्मानं झाकण परत लावलं.

"तुमच्या जिवाला चैन न्हवती," ती म्हणाली, "म्हणून माझ्या माणसाचा पाय गेला."

मग ती वर्षाराणीकडे वळली.

"आता लिहिणार काय तुम्ही?"

वर्षाराणीनं घडी केलेला कागद पुढं केला. शांतम्मानं तो सावकाश, ओठ हलवत वाचला. "ह्याच्यात ते महानंदासाठी गेले हे कुठं हाय?" तिनं विचारलं. "वाचणाऱ्याला वाटंल म्हातारं पिऊन पडलं. जसं झालं तसं लिहा." कागद तिनं परत दिला, डबा उचलला आणि आत नवऱ्याकडे गेली. त्यानंतर पाच महिने ती वर्षाराणीशी एक शब्द बोलली नाही.

अहवाल साडेचार पानांचा झाला. वेळ, माणसं, बुळबुळीत पायऱ्या, अर्धा कठडा, कपाटातले संच, न ठेवलेला निरीक्षक. आणि सराव कोणी घेतला तिथं स्वतःचं नाव. फिल्टरवरच्या वहीतही तिनं तेच थोडक्यात लिहून खाली सही केली. त्या वहीतली ती पहिली नोंद.

कारणे दाखवा नोटीस आठवड्यात आली. तिच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. सुरक्षेचं काम मात्र काढून घेतलं नाही, कारण ते घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मलप्पाला बघायला सिद्रामप्पा लातूरला जाऊन आला. तिथं दोघांत काय बोलणं झालं कोणालाच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कोणतंही पत्र, शेरा, मंजुरी नसताना तो रिक्षात दोन्ही संच घालून फिल्टरवर आला. प्लास्टिक फाडून एक मास्क त्यानं वर्षाराणीच्या हातात दिला. तिनं पट्टा ओढला तर रबर दोन ठिकाणी चिरलं. चार वर्षं बंद कपाटात, उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन ते कडक झालं होतं. एका टाकीचा काटाही शून्यावर होता. सिद्रामप्पा स्टुलावर बसला आणि तो मास्क मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चिरेवरून बोट फिरवत राहिला. "मी तर जपून ठेवलं होतं," एवढंच म्हणाला. नवे मास्क यावेत आणि रिकामी टाकी भरून मिळावी म्हणून मग त्यानंच मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी रोज जाऊन बसायला सुरुवात केली आणि महिनाभरात दोन्ही करवून घेतलं.

हळूहळू लोक बोलायला लागले. ग्यानोबा एकदा सहज म्हणाला, वारं तर निम्मं वर्ष क्लोरीनच्या खोलीकडून लिंबाकडेच येतंय, तिथं जमून काय करणार? इतके दिवस का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं तर म्हणाला, कोणी विचारलंच न्हाई. जमायची जागा हलवून रस्त्याच्या बाजूला, फाटकाबाहेर केली. जिन्याला दोन्हीकडून कठडा आला. केवळाबाईला लिहिता येत नव्हतं, पण तिनं मल्लेशकडून वहीत लिहून घेतलं, की मोटारघराच्या मागची वायर उघडी आहे आणि तिथं पाणी साचतं. वायर त्याच आठवड्यात बदलली. मग वहीत रोज काही ना काही येऊ लागलं. काही तक्रारी साफ खोट्या होत्या, एकमेकांचे उट्टे काढायला लिहिलेल्या. वर्षाराणी त्याही जाऊन तपासत होती.

ऑगस्टात मलप्पा काठी टेकत कामावर परत आला. जिना बंद, टाकीवर चढणं बंद. त्याला फाटकाजवळच्या खोलीत हजेरीला बसवलं. वर्षाराणी पहिल्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि माफी मागितली. त्यानं काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या.

"म्याडम, मला तुमचं ते सगळं पाठ होतं," तो म्हणाला. "भोंगा झाला की निघायचं, आत जायचं न्हाई. सप्ताहात मी हात पुढं करून शपथ घेतली की. पण चपला दिसल्या आणि पाय आतच गेले. आजबी जातील. खोटं कशाला बोलू?"

मग तिनं त्याला एक काम सांगितलं. भोंगा झाला की हजेरीचा कागद घेऊन फाटकाबाहेर उभं राहायचं, येईल त्याच्या नावावर खूण करायची आणि कोण राहिलं ते मोठ्यानं सांगायचं. आत जाणार फक्त दोघं, मल्लेश आणि ग्यानोबा, टाक्या पाठीला लावून, मास्क चढवून. ते तयार होईस्तोवर बाकी कोणी नाही.

"मला हे जमणार न्हाई," मलप्पा म्हणाला. "दुसऱ्या कोणालाबी द्या."

"दुसऱ्या कोणाला हे इतकं अवघड जाणार न्हाई, मामा. म्हणूनच तुम्हाला देतेय."

तिनं पुढं केलेला हजेरीचा कागद त्यानं ठेवून घेतला.

सप्टेंबरात दुसरा सराव झाला, आठ दिवस आधी सांगून. जिन्याशी एक, टाकीशी एक, मोटारघराशी एक अशी नगरपरिषदेतून तीन माणसं उभी केली होती. महानंदानं प्रयोगशाळेतच थांबायचं, मागं राहिलेली म्हणून, हेही ठरलेलं. सगळ्यांना ठाऊक होतं, मलप्पालाही. शांतम्मा नवऱ्याचा डबा द्यायला आली होती. ती रस्त्यापलीकडे टपरीच्या सावलीत उभी राहिली.

भोंगा वाजला. केवळाबाई आली, मलप्पानं खूण केली. मल्लेश, ग्यानोबा आले. त्यांच्या नावांवरही खुणा झाल्या आणि ते फाटकाशी टांगलेल्या संचांकडे वळले. "महानंदा," मलप्पा मोठ्यानं म्हणाला. "महानंदा राहिली."

मल्लेशला पट्टा लागत नव्हता. ग्यानोबा त्याचा बकल ओढत होता. एक मिनिट गेलं. मलप्पाची काठी फाटकाच्या पट्टीवर टकटक वाजत होती. त्याच्या कपाळावरून घाम भस्मातून वाट काढत खाली आला. त्यानं एक पाऊल फाटकाच्या आत टाकलं आणि मागं घेतलं. पुन्हा टाकलं. वर्षाराणी चार हातांवर होती. तिच्या हातात मोबाईल नव्हता. त्याला अडवायला जावं असं तिला वाटत होतं आणि ती जागची हलली नाही.

"मल्लेश, लवकर रे," तो म्हणाला.

मल्लेश आणि ग्यानोबा आत गेले. मलप्पानं फाटकाची दांडी धरली. नजर जिन्याच्या तोंडाशी खिळलेली. चार मिनिटांनी दोघं महानंदाला मधे घेऊन वर आले. ती हसतच होती. मलप्पानं कागद फाटकाच्या खांबावर धरला आणि तिच्या नावापुढं खूण केली. पेन्सिल इतकी दाबली की टोक कागदातून आरपार गेलं.

शांतम्मा रस्ता ओलांडून आली. तिनं नवऱ्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, त्याला ग्यानोबाच्या खुर्चीवर बसवलं आणि डबा उघडला. मग वर्षाराणीकडे न बघताच म्हणाली, "बसा तुम्हीबी. दोघांपुरतं हाय."